पोटात पाय

मराठीच्या शिक्षकाचा म्हणींशी संबंध रोजचा. आणि रोजच्या संबंधातल्या पुष्कळशा गोष्टींचे होते तेच त्यांचेही होते, त्यांच्याकडे नीट पाहणे राहून जाते. ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ ही म्हण आम्ही वीसएक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हीसुद्धा. पहिलीचा अर्थ, कोणत्याही बाजूने तोटा नसलेला व्यवहार. दुसरीचा, वरून गरीब आणि आतून लबाड असा मनुष्य. विद्यार्थी अर्थ उतरवून घेतात, वाक्यात उपयोग करतात आणि दोन गुण मिळवतात. गाजराची पुंगी खरोखर वाजते काय, गोगलगायीच्या पोटात पाय असतात काय, हे ना ते विचारतात, ना आम्ही सांगतो. २०२५ च्या हिवाळ्यात या दोन्ही म्हणी आमच्या परसातल्या एकाच वाफ्यात समोरासमोर आल्या, आणि त्यांतल्या दुसरीचा अर्थ आम्ही इतकी वर्षे भलत्याच प्राण्याला लावत होतो की काय, अशी शंका आम्हांला आली. ती शंका येथे मांडतो आहोत.

‘आम्ही’ हे येथे लेखकी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. नागपुरातल्या दोन वेगवेगळ्या कॉलेजांत मराठी शिकवतो. वय दोघांचेही चाळिशीच्या पलीकडचे. शहराच्या पश्चिमेकडील एका जुन्या ले-आउटमध्ये आमचे घर आहे आणि घरामागे बारा फूट लांब, चार फूट रुंद एवढी मोकळी जमीन आहे. घरात आई आहेत. नात्याने त्या आमच्यापैकी एकाच्या आई आणि एकीच्या सासूबाई. पण तो भेद आता व्याकरणापुरताच उरला आहे. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. गुडघे साथ देत नाहीत तोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, ती बारा बाय चारची जमीन त्यांच्या ताब्यात होती. तीत दर हिवाळ्याला गाजरे होत. संक्रांतीला सुगडांमध्ये हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे तुकडे आणि तिळगूळ यांच्या जोडीने गाजराचे तुकडे लागतात, आणि ते घरच्या मातीतले असावेत एवढाच त्यांचा आग्रह असे. त्यांचे गुडघे गेल्यावर चार वर्षे आम्ही कॉटन मार्केटमधून गाजरे आणली. त्या काही बोलल्या नाहीत. सुगडात तुकडे घालताना एकदा वास घेऊन पाहत, इतकेच. ते वास घेऊन पाहणे आम्हांला पुरेसे होते. म्हणून २०२५ साली आम्ही गाजरे पेरायचे ठरवले.

त्या वर्षी दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली होती. दसऱ्याला नागपूर दीक्षाभूमीकडे चालत असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा घेतली, तो अशोक विजयादशमीचा दिवस. तेव्हापासून दरवर्षी विजयादशमीला दूरदूरहून माणसे येतात. आमच्या रस्त्यानेही पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे जात होती. त्या गडबडीत पेरणी झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली. नागपूरची काळी माती कापसाला मानवते, गाजराला नाही. ओली असली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि खाली घट्ट थर लागला की गाजराला दोन पाय फुटतात. म्हणून शेजारच्या बांधकामावर उरलेली कन्हानची रेती आणि जुने, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून आम्ही वाफा वीतभर उंच केला. बी हातावर चोळून त्यावरची लव काढायची, कोरड्या मातीत मिसळायचे, बोटाच्या पेराहूनही कमी खोल टाकायचे, आणि उगवेपर्यंत वरचा थर वाळू द्यायचा नाही, हे सारे आई खुर्चीवर बसून सांगत होत्या. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. गाजर वांग्या-टोमॅटोसारखे रोप करून लावता येत नाही. मुळालाच फळ मानायचे असल्यामुळे ते जेथे उगवेल तेथेच वाढवावे लागते. जे गेले ते गेले.

अकराव्या-बाराव्या दिवशी हिरवे दोरे वर आले. गाजराची पहिली दोन पाने गवतासारखी बारीक असतात. खऱ्या झिरमिळ्या पानांची चाहूल त्यांत नसते. धनत्रयोदशीच्या सकाळी पाहतो तो सहापैकी चार ओळी नाहीशा. करपलेल्या नव्हेत, उपटलेल्या नव्हेत, नाहीशा. आमचा पहिला संशय चिमण्यांवर गेला, दुसरा मुंग्यांवर. मग उन्हाचा कोन बदलला तेव्हा मातीवर आणि वाफ्याच्या विटांवर वाळलेल्या चकचकीत रेषा दिसल्या. कोणीतरी रात्रभर अतिशय सावकाश, घाई न करता, आमच्या वाफ्यावर फिरून गेले होते.

त्या रात्री टॉर्च घेऊन बसलो. नऊच्या सुमारास पाण्याच्या टाकीखालच्या ओलीतून ती मंडळी निघाली. दोन जाती होत्या. एक शंखाची, तपकिरी पट्ट्यांची, त्यांतली मोठी चिकूएवढी. दुसरी बिनशंखाची, काळपट, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी. दोघींनाही लांब शिंगांच्या टोकांवर डोळे. ही शिंगे पाहूनच कोणाला तरी गाय आठवली असावी. गोगलगायीची जीभ म्हणजे हजारो सूक्ष्म दातांची किसणी असते. ती पान तोडत नाही, खरवडते. कान अगदी जवळ नेला तर ऐकू येईल असे आम्हांला उगीच वाटत राहिले.

आणि पाय? तो खरोखर पोटालाच असतो. पोटाखालचा सपाट स्नायू हाच तिचा एकमेव पाय; त्यावर लाटा उठतात आणि ती आपल्याच चिकट स्रावावरून पुढे सरकते. प्राणिशास्त्रात या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात. ग्रीक भाषेत ‘गॅस्टर’ म्हणजे पोट आणि ‘पोड’ म्हणजे पाय. मराठी परिभाषेत उदरपाद. म्हणजे आमची म्हण ही या वर्गाची अचूक व्याख्याच आहे. कोणा निरक्षर आजीने गोगलगाय उलटी करून पाहिली आणि जे दिसले ते सांगितले. लबाडीचा आरोप मागून कोणीतरी चिकटवला. ज्या बिचारीला दुसरीकडे पायच नाही, तिने पाय पोटात ठेवला यात तिने लपवले काय?

शंखाची जी मोठी जात आम्ही पाहिली तिला आफ्रिकी राक्षसी गोगलगाय म्हणतात. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. तिच्या भारतात येण्याची हकिगत अभ्यासकांनी मनावर घ्यावी अशी आहे. विल्यम बेन्सन हा कंपनी सरकारचा अधिकारी शंखशिंपल्यांचा नामांकित अभ्यासक होता. १८४७ साली त्याने मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या एका स्नेह्याकडे ठेवल्या. चौरंगीतल्या बागेत त्या मोकळ्या सुटल्या. तिला चोरून आणले नव्हते की ती व्यापाऱ्याच्या मालात लपून आली नव्हती. विद्वत्तेच्या हौसेने ती आली. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही असते, एका वेळी शेकड्याने अंडी घालते, ती अंडी साबुदाण्यासारखी दिसतात आणि ओल्या मातीत दडलेली असतात. पुढचे गणित सोपे आहे. जगातल्या शंभर अतिशय उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज तिचे नाव आहे.

दिवाळी झाल्यावर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही पुन्हा पेरणी केली. दिवाळीनंतरही आभाळ भरून येत राहिले आणि माती ओलीच राहिली. या खेपेस आम्ही तयारीत होतो. सल्लागारांची कमतरता नव्हती. कोणी चुलीची राख सुचवली, कोणी अंड्यांची टरफले, कोणी चुन्याची रेघ. राख दवाने भिजली की नुसता चिखल होतो. टरफलांवरून त्या आमच्या डोळ्यांदेखत चालत गेल्या. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफले, खडे, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या असे घरगुती उपाय लेट्यूसच्या रोपांवर तपासले होते आणि त्यांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. ही माहिती आम्हांला टरफले आठवडाभर कुटून झाल्यावर मिळाली. ले-आउटमधल्या एका गृहस्थांनी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणून देण्याची तयारी दाखवली. त्या गोळ्या कुत्र्यामांजरांनाही विष आहेत आणि आमच्या परसात तीन मांजरे आपले घर समजून वावरतात. गोळ्या नको म्हटल्या.

मग मीठ आले.

मिठाविषयी आम्हांला सरळच सांगितले पाहिजे. गोगलगायीचे शरीर बहुतांशी पाणी असते. मीठ पडले की ते पाणी त्वचेतून बाहेर ओढले जाते, तिला फेस येतो, ती आक्रसते आणि काही मिनिटे वळवळत राहते. पहिल्या रात्री आमच्यापैकी एकीने तोंड फिरवले आणि दुसऱ्याने चमचा आत नेऊन ठेवला. तिसऱ्या रात्री दोघेही न बोलता आपापल्या बाजूची ओळ सांभाळत होतो. पाचव्या रात्रीपासून आम्ही वही केली. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला आकडा. १७, २३, ३१. आकडा वाढला की जेवताना त्याचा उल्लेख होई. एकदा ४० च्या पुढे गेलो तेव्हा वहीत उद्गारचिन्ह पडले. कॉलेजातून येताना आज किती होतील याचा अंदाज बांधणे सुरू झाले. दार उघडे असे. आई आतून सारे पाहत. एका रात्री त्यांनी विचारले, “मारायचं तं मारा बापा. मोजता कायले?”

त्यांच्या प्रश्नाला आम्ही दोघांनी मिळून काहीतरी उत्तर दिले. कोणत्या आठवड्यात संख्या घटते हे कळायला नोंद लागते, अशा अर्थाचे ते होते. ते खोटे नव्हते. पण आमच्याच कानांना ते विद्यापीठाकडे पाठवायच्या अहवालासारखे वाटले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्यापैकी एकीच्या वर्गात ‘लीळाचरित्रा’तली ससिकरक्षणाची लीळा शिकवायची होती. म्हाइंभटांच्या या तेराव्या शतकातल्या ग्रंथाने मराठी गद्याची सुरुवात होते असे आपण मानतो, आणि तो विदर्भाच्या मातीतला असल्यामुळे आम्हांला त्याचा थोडा जास्तच अभिमान. प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पैजेसाठी उठवलेला ससा, मागे शिकारी आणि कुत्री. जीव घेऊन धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या जानूखाली येऊन दडतो. शिकारी तो मागतात. शरण आलेल्याला देता येत नाही असे स्वामी सांगतात आणि शिकाऱ्यांनाच विचारात पाडतात. छोट्या वाक्यांचा जिवंत संवाद, आणि महानुभाव अहिंसेचा याहून सुंदर पाठ नाही. तो शिकवताना वर्ग नेहमी शांत होतो. त्या दिवशीही झाला.

मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. ती काटोलकडच्या एका गावाहून रोज बसने येते. म्हणाली, “मॅडम, मागं शिकारी होते म्हणून ठीक आहे. शेतकरी असता तं?”

वर्गात हसे पिकले. तिला ते आवडले नाही. “हसण्यासारखं काय आहे? आमच्या वावरात रोही येते, डुकरं येतेत. एका रातीत अर्धा एकर साफ. बाबा हिवाळाभर जागलीले जातेत. रोही पळत येऊन स्वामींच्या मागं लपली, अन् मागून माहे बाबा आले, तं स्वामी काय म्हणतीन?”

विचारणारीच्या प्रश्नात कुठेही उद्धटपणा नव्हता. तिला खरेच हवे होते. जागल म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकांतून ठाऊक. तिने ती वडिलांच्या डोळ्यांत पाहिलेली. शिकवणारीच्या हाताला त्या क्षणी आदल्या रात्रीच्या चुन्याचा वास होता, आणि तो कोणाला येऊ नये म्हणून तिने पुस्तक दोन्ही हातांनी धरले. तिने जे उत्तर दिले ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चालले असते. संहितेच्या चौकटीबाहेरचा प्रश्न आहे, शरणागताचे रक्षण हा येथला विषय आहे, वगैरे.

उत्तर दुसरीकडून आले. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला की याबद्दल बाबासाहेबांनी लिहिले आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, बुद्धाच्या अहिंसेविषयी बोलताना, त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. गरज असेल तेथे गोष्ट वेगळी. केवळ इच्छेने मारणे हे त्याज्य. “शिकाऱ्याले गरज नव्हती, पैज होती,” तो म्हणाला. “हिच्या बाबाले पैज नाही, गरज आहे. दोघं एक नाही होत, मॅडम.”

ग्रंथ मूळ इंग्रजीत, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या घरात त्याचा मराठी अनुवाद आहे. तेराव्या शतकातल्या लीळेला विसाव्या शतकातल्या ग्रंथाने वर्गात असे उत्तर दिलेले आम्ही वीस वर्षांत पाहिले नव्हते. ती मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले होते. शिकवणारीचे झाले नाही.

त्या रात्री वही उघडून दोघे बसलो. मुलाने केलेला फरक आम्हांला वापरायचा होता, आणि तो आमच्या बाजूने वापरता येईल असे प्रथम वाटले. आम्हांला गरज आहे, सुगडांत गाजर हवे, आई ऐंशीच्या आहेत, गाजराची पुनर्लागवड होत नाही. हे सारे खरे. पण वही दुसरेच सांगत होती. गरज मोजायची तर उरलेली रोपे मोजायला हवी होती. पंधरा दिवसांत आम्ही एकदाही रोपे मोजली नव्हती. आम्ही २१४ गोगलगायी मोजल्या होत्या. आकड्यांपुढे उद्गारचिन्हे होती. एके ठिकाणी ‘विक्रम’ असा शब्द होता. त्या लीळेतल्या शिकाऱ्यांनी वही ठेवली असती तर ती अशीच दिसली असती. आम्ही रक्षणाला निघालो होतो, पण वाटेत केव्हातरी पैज लागली होती, आणि ती कोणत्या रात्री लागली हे आम्हांला सांगता आले नाही.

टॉर्च घेऊन रोपे मोजली. पहिल्या ओळीत हातभर जागा मोकळी होती. तेथे गोगलगायीची चकचकीत रेघ नव्हती. माती पांढरी पडली होती. आमच्याच मिठाने ती चौदा रोपे जाळली होती.

आता दुसऱ्या म्हणीविषयीच्या शंकेकडे येतो. दिवसा लीळा शिकवणारे, शाल पांघरून आईंना औषध देणारे, विद्यार्थ्यांशी अहो-जाहो बोलणारे आम्ही दोघे, आणि रात्री चमचा घेऊन आकडा वाढवणारेही आम्हीच. वरून गरीब आणि पोटात पाय कोणाचे, हे आता वेगळे सांगायला नको. गोगलगायीचा पाय निदान चालण्यासाठी होता.

येथे लेख संपवता आला असता, आणि तसा तो संपवणे आम्हांला शोभलेही असते. पण त्या आठवड्यात आमच्या एका मित्राचा फोन आला. पीएच.डी.च्या दिवसांतली ओळख. ते लातूर जिल्ह्यात शिकवतात आणि घरी कोरडवाहू शेती आहे. आम्ही त्यांना ही सारी हकिगत सांगितली, वहीसकट. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ साली गोगलगायींना ‘पेस्ट’ म्हणणेच थांबवले, कारण ब्रिटनमधल्या ४४ प्रकारच्या बिनशंखाच्या गोगलगायींपैकी बागेतली झाडे खाणाऱ्या फक्त नऊ आहेत आणि बाकीच्या कुजका पाचोळा खाऊन माती सुधारतात, हेही सांगितले. भाषेच्या माणसांना या नामांतराचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते.

मित्र थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वहिनी, ज्या साली त्यांनी तिकडं नाव बदललं, त्याच साली आमच्याकडं काय झालं ते ठाऊक आहे ना?” २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन दोन पानांवर असतानाच खाऊन टाकले. दुबार पेरणी झाली. बियाणे पुन्हा उसने, मजुरी पुन्हा. “तुम्ही वहीत मोजल्या. आम्ही घमेल्यानं भरून बांधावर नेल्या. तुमचं गाजर गेलं तर हलवा जातो. आमचं सोयाबीन गेलं तर वर्ष जातं. मीठ टाकताना आम्हांला काही वाटलं नाही असं नाही. पण वाटायला वेळ नव्हता.”

त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढू शकलो नाही आणि खोडून काढावेसे वाटलेही नाही. आमच्या पश्चात्तापाला बारा बाय चारचा वाफा पुरतो. तो एकरांवर पसरवून दुसऱ्याला शिकवण देण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्या मुलीच्या वडिलांची जागल आणि मित्राचे घमेले यांना गरज म्हणतात. आमचा प्रश्न आमच्यापुरता होता. आमच्या बारा फुटांत गरज किती आणि इच्छा किती?

तेव्हा पद्धत बदलली. मित्रानेच सांगितली, त्यांच्याकडे कृषी खात्याने सांगितलेली. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचे; रात्री त्या त्याखाली गोळा होतात; पहाटे गोणपाट उलटायचे आणि हातमोजे घालून उचलायच्या. मोजे आवश्यकच, कारण या गोगलगायींमधून माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा एक कृमी पसरू शकतो. परसातली पालेभाजी नीट धुवायची तीही त्यासाठीच. वाफ्याभोवती चार बोटे रुंद कोरड्या चुन्याचा पट्टा, आणि तो भिजला की नवा. टाकीखालच्या विटा, फुटक्या कुंड्या, पाचोळा हे दिवसा लपण्याचे सारे अड्डे हलवले. सर्वांत मोठा बदल मात्र इतका साधा होता की त्याची आम्हांला लाज वाटली. आम्ही कॉलेजातून आल्यावर, म्हणजे संध्याकाळी, पाणी घालत होतो. म्हणजे रोज रात्री त्यांच्यासाठी ओला रस्ता तयार करून ठेवत होतो. सकाळी पाणी घालू लागलो आणि रात्री वरची माती कोरडी राहू लागली. बोलावणे आम्हीच पाठवले होते आणि आलेल्यांना मीठ चारत होतो. हे आईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मी सकाळीच घालत जाओ.” त्यांनी हे आधी का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. आम्ही विचारले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

पहाटे उचललेल्यांचे काय केले, हे वाचकांनी विचारण्याआधीच सांगतो. मारल्या. लांब नेऊन सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या वाफ्यात सोडणे. चौरंगीची चूक पुन्हा करणे. उकळते पाणी, एका क्षणाचे काम. मीठ नाही, वही नाही. त्यामुळे आम्ही अहिंसक झालो असे नाही. फक्त उद्गारचिन्ह गेले.

डिसेंबरात थंडी वाढली, दव कमी झाले आणि त्या आपोआप दिसेनाशा झाल्या. आमच्या उपायांनी किती आणि ऋतूने किती, हे ठरवण्याइतकी नोंद आता आमच्याकडे नव्हती. त्याच सुमारास कुंपणाच्या मेंदीत एक भारद्वाज येऊ लागला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, जमिनीवरून तोऱ्यात चालणारा. त्याचे दर्शन शुभ मानतात. तो गोगलगायी खातो, मोठ्या शंखाच्यासुद्धा. दोन-तीन सकाळी आम्ही त्याला टाकीमागे काहीतरी आपटून फोडताना पाहिले. आईंनी खिडकीतून हात जोडले. आम्हीही जोडले, पण आमचे कारण थोडे वेगळे होते. त्याला काहीही मोजावे लागत नव्हते.

गाजराच्या पानांना आता झालर आली होती. मुळांचे खांदे मातीवर डोकावू लागले तेव्हा त्यांवर माती चढवली, कारण उघड्या खांद्यांवर उशिरा आलेली एखादी गोगलगाय खड्डे पाडते. १३ जानेवारीला, भोगीच्या सकाळी, आम्ही वाफा उकरला. पेरणी उशिरा झाल्याने गाजरे बोटाएवढीच होती. मोजली. सत्तावन्न. त्यांतली अकरा दोन पायांची, सातांवर खरवडल्याच्या खुणा. आईंनी एक धुऊन मोडले आणि वास घेतला. मग त्याचा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला आमच्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी पाचही सुगडांत घरची गाजरे पडली. दोन पायांची गाजरे त्यांनी मुद्दाम वर ठेवली.

मार्चमध्ये टाकी हलवताना तिच्या पायाशी भिंतीच्या खोबणीत अकरा गोगलगायी सापडल्या. उन्हाळ्यात त्या शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून घेतात आणि पावसापर्यंत निजून राहतात. त्या वेळी वाफा रिकामा होता. एकही रोप धोक्यात नव्हते. आत्ता गरज नाही, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे. जूनमध्ये या अकराच्या हजार होतील, गरज आत्ताच आहे, असे दुसरीचे. त्या मुलाला फोन करून विचारावे असे क्षणभर वाटले. अखेर पाणी उकळले. ते करताना दोघेही काही बोललो नाही, आणि त्या दिवशी जेवताना हा विषय निघाला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात ससिकरक्षण पुन्हा शिकवायचे आहे. कोणी विचारले नाही, तर काटोलकडच्या त्या मुलीचा प्रश्न या खेपेस आम्हीच विचारणार आहोत.